रस आणि चोथा

फळांचा रस काढण्याचे यंत्र घरात आणावे की नाही, आणि आणायचेच तर कोणते आणावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो असे म्हटले तर पुष्कळ वाचक हसतील. नीतीचे प्रश्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुरुक्षेत्र उभे राहते. स्वयंपाकघरातला ओटा उभा राहत नाही. परंतु कुरुक्षेत्रावर उभे राहण्याची पाळी शंभरात एखाद्यावरच येते आणि त्याच्याही आयुष्यात ती एखाद्या वेळीच येते. ओट्याशी मात्र प्रत्येकाची गाठ रोज पडते. माणसाची नीती कशी आहे हे त्याच्या मोठ्या निर्णयांवरून ओळखावे असे म्हणतात. पण मोठ्या निर्णयाच्या वेळी माणूस सावध असतो, जग पाहत आहे हे त्याला ठाऊक असते. तो बेसावध असतो तो खरेदी करताना.

रस काढण्याचे यंत्र पाहायला गेलेला गृहस्थ विक्रेत्याला काय विचारतो ते पाहावे. रस किती निघतो, हा त्याचा पहिला प्रश्न. किती वेळात निघतो, हा दुसरा. आणि किंमत काय, हा तिसरा. चोथ्याविषयी तो एकच प्रश्न विचारतो, आणि तोही रसाच्याच लोभाने विचारतो: चोथा कोरडा पडतो ना? विक्रेता या प्रश्नाची वाटच पाहत असतो. तो चोथ्याची मूठ भरून पिळून दाखवतो. एक थेंबही गळत नाही. गृहस्थाची खात्री पटते आणि व्यवहार पुरा होतो.

माझ्या मते तो पुरा होत नाही. चोथ्याविषयीचे खरे प्रश्न दोन आहेत आणि ते दोन्ही राहून जातात. एक, कशाला चोथा म्हणायचे हे कोणी ठरवले? आणि दुसरा, तो कोणाच्या वाट्याला जाणार? या दोन प्रश्नांच्या उत्तरांशिवाय यंत्राची निवड करणे म्हणजे अर्धीच बाजू ऐकून निकाल देण्यासारखे आहे.

पहिल्या प्रश्नाचा विचार आपल्या भाषेपासूनच सुरू करावा लागतो, कारण भाषेने या बाबतीत आधीच एक बाजू घेऊन ठेवली आहे. ‘रस’ या शब्दाचे ऐश्वर्य केवढे आहे! फळातला द्रव तो रस, जिभेला कळते ती चव म्हणजे रस, भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रस, आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी पहिला तो रस, आणि रसशास्त्रात पाराही रसच. चांगला वाचक रसिक असतो आणि कंटाळवाणे व्याख्यान नीरस असते. ‘चोथा’ या शब्दाचे दैव मात्र पहिल्यापासूनच फुटके. त्याचे शास्त्र कोणी लिहिले नाही आणि त्याच्या नावाने कोणाला गौरवलेही नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचे वर्णन ‘रस्य’ असे आहे आणि तामस आहारात ‘गतरस’ अन्नाची गणना केलेली आहे. या दृष्टीने पाहिले तर आपले विजेचे यंत्र मोठेच चमत्कारिक म्हटले पाहिजे. एकाच गाजरातून ते एका नळीने सात्त्विक आणि दुसऱ्या नळीने तामस अन्न बाहेर काढते!

गाजराला स्वतःला असे दोन स्वभाव आहेत काय? सार आणि असार हा भेद वस्तूत असतो, की वस्तू हाती घेणाऱ्याच्या हेतूत? खोबरे हवे असणाऱ्याला नारळाचे सोडण म्हणजे अडगळ. पण ज्याला काथ्या वळायचा आहे त्याचे पोट त्या सोडणावरच चालते. दही घुसळून लोणी काढले म्हणजे जे उरते त्याला कोणी चोथा म्हणत नाही. त्याला आपण ताक म्हणतो आणि भुरके मारून पितो. एका ठिकाणी काढून घेतल्यावर उरलेल्याला स्वतःचे नाव आणि मान मिळाला, दुसऱ्या ठिकाणी मिळाला नाही, एवढाच काय तो फरक. हेतू बदलला की चोथा बदलतो. जो कोणी ‘हे सार’ म्हणून बोट दाखवतो, तो त्याच क्षणी दुसऱ्या हाताने कशाला तरी असार ठरवत असतो. बोट दाखवल्याचे त्याच्या लक्षात राहते, दुसऱ्या हाताने काय केले ते राहत नाही.

हा दुसरा हात किती महागात पडू शकतो, याचा दाखला तांदळाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वेकडील देशांत वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या आणि तांदूळ पांढराशुभ्र निघू लागला. कोंडा हा तांदळाचा चोथा, असे गिरणीने ठरवले. त्याच काळात या देशांत बेरीबेरी हा रोग बोकाळला. पाय लुळे पडत, हृदय दगा देई, आणि कारण उमगत नसे. जावा बेटावर काम करणारा डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान याला 1890च्या दशकात असे दिसून आले की केवळ सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना तशाच प्रकारचा पांगळेपणा येतो आणि कोंडा खाऊ घातला की त्या बऱ्या होतात. पुढे या धाग्यावरून जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि 1929 साली आइकमानला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जे फेकले जात होते त्यातच माणसाचे पाय आणि हृदय होते! गिरणीचा हेतू दुष्ट नव्हता. तिला पांढरा आणि टिकाऊ तांदूळ हवा होता, एवढेच. पण हेतू दुष्ट नसल्याने कोणाचा पांगळेपणा टळला नाही.

फळांच्या बाबतीत आज पोषणशास्त्र जे सांगते ते याच जातीचे आहे. एक पेला संत्र्याच्या रसाला तीन-चार संत्री लागतात. तीन-चार संत्री सोलून, फोडी चावून खायला बसावे तर दुसऱ्या-तिसऱ्या संत्र्यालाच हात थांबतो. रस मात्र दोन घोटांत संपतो आणि तहान तशीच राहते. फोडीतली साखर तंतूंच्या जाळ्यात अडकलेली असते, ती सावकाश सुटते. रसातल्या साखरेला कोणी अडवणारे उरलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत फळांच्या रसातली साखर मध आणि पाकातल्या साखरेबरोबरच ‘मुक्त साखरे’त मोजली आहे, अखंड फळातली साखर तीत मोजलेली नाही. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेला सल्लाही रसापेक्षा फळच खावे असा आहे. म्हणजे ज्या तंतूंना आपण चोथा म्हणून बाहेर टाकतो, ते त्या फळातले संयमाचे तत्त्व होते असे म्हणायला हरकत नाही. फळाने आपल्या गोडीबरोबर तिचा लगामही दिला होता. आपण घोडा ठेवला आणि लगाम कचऱ्यात टाकला.

हा सारा विचार आधुनिक आहे असे मात्र कोणी समजू नये. उसाच्या रसाचे गुणदोष सांगताना चरकसंहितेत दातांनी चावून खाल्लेल्या उसाचा रस आणि यंत्राने काढलेला रस असा स्पष्ट भेद केला आहे. पहिला शीतल आणि पुष्टिदायक, दुसरा दाह करणारा. मराठीत ऊस पिळण्याच्या यंत्रालाही चरकच म्हणतात, तेव्हा एका चरकाने दुसऱ्या चरकाविषयी दिलेला हा प्रतिकूल अभिप्राय आहे असे गमतीने म्हणता येईल. पुढे वाग्भटाने याची कारणेही दिली. यंत्रात उसाचे मूळ, शेंडा, किडीने खाल्लेला भाग हे सगळे एकत्रच चिरडले जाते, मळ मिसळतो आणि रस काही काळ तसाच ठेवला जातो, म्हणून तो बिघडतो. ही कारणे आजच्या प्रयोगशाळेत कितपत टिकतील हा वेगळा प्रश्न आहे. मला त्यांच्यातली दृष्टी महत्त्वाची वाटते. दात निवड करतात. कीड लागली तर जीभ लगेच सांगते, कडू लागले तर आपण थुंकतो, पोट भरले तर जबडा थांबतो. यंत्रही निवडच करते, पण ती निवड कारखान्यात, जाळीची भोके पाडली गेली तेव्हाच होऊन गेलेली असते. आपण विकत घेतो ती दुसऱ्या कोणी तरी आधीच करून ठेवलेली निवड.

या दृष्टीने बाजारातली यंत्रे पाहिली म्हणजे प्रत्येकाचे एक तत्त्वज्ञान दिसू लागते. सर्वांत साधी ती काचेची किंवा लाकडाची पिळणी. तिच्यावर अर्धे मोसंबे दाबून फिरवावे, गर थोडा रसात उतरतो, बिया वर अडकतात, आणि मनगट दुखू लागले की रस पुरे झाला असे समजावे. दुसरे वेगाचे यंत्र. त्यात तळाशी दातेरी चकती आणि भोवती बारीक जाळीचे भांडे असते. मिनिटाला हजारो फेरे घेत चकती फळ किसते आणि भांडे गिरक्या घेत रस बाहेर फेकते. यात चोथा ओलसर राहतो, रसावर फेस येतो, पण मिनिटभरात काम होते. तिसरे संथ यंत्र. त्यात मळसूत्रासारखा जाड दांडा मिनिटाला चाळीसपासून शंभरपर्यंत फेरे घेत फळ जाळीवर चेपतो. चोथा बराच कोरडा पडतो आणि किंमतही त्या मानाने चढते. चौथी दाबयंत्रे, त्यांत लगदा फडक्यात किंवा पिशवीत घालून प्रचंड दाबाखाली ठेवतात. आपल्या घरोघर असलेला मिक्सर या पंगतीत वेगळा बसतो. तो काहीच बाहेर टाकत नाही. फळ होते तेवढे सगळे पेल्यात येते, मग ते घोटाने प्यावे की चमच्याने खावे हा आपला प्रश्न. वेगाच्या यंत्रात उष्णतेने जीवनसत्त्वे मरतात आणि संथ यंत्रात जगतात, असे विक्रेते सांगतात. परंतु फळ त्या वेगाच्या भांड्यात काही क्षणच राहते; रस पिणारा तो काढून किती वेळ ठेवतो, याचाही विचार केला पाहिजे. सकाळी काढलेला रस संध्याकाळी पिणाऱ्याने यंत्राच्या फेऱ्यांविषयी फार काथ्याकूट करू नये.

या यंत्रांची स्पर्धा शेवटी येऊन थांबते ती एकाच कसोटीवर: कोणाचा चोथा अधिक कोरडा? कसोटी हिशेबाला पक्की आहे. एक किलो गाजरांतून साधारण अर्धा लिटर रस निघावा आणि त्यात पावशेर वाढ झाली तर कोणाला नको आहे? तरीही शेवटचा थेंब निघेपर्यंत थांबायचे नाही, हे ध्येय मनाला सवयीचे होते तेव्हा ते गाजरापाशी थांबत नाही. येथे पुन्हा आपल्या भाषेकडे वळावे. माणसाने माणसाचे श्रम लुबाडणे, याला मराठीत सर्रास वापरला जाणारा शब्द आहे ‘पिळवणूक’. त्यासाठी संस्कृतातून घेतलेला दुसरा शब्द ‘शोषण’. एक पिळण्याचा आणि दुसरा चोखण्याचा! कष्टाने वाळून गेलेल्या माणसाला आपण चिपाड म्हणतो, आणि कष्ट सांगताना चरकातून निघाल्यासारखे झाले असे म्हणतो. ज्यांनी हे शब्द प्रथम वापरले ते काही तत्त्वज्ञ नव्हते. ते ऊस पिळणारे, तेलघाणा हाकणारे लोक असावेत. रस आणि चोथा यांचा संबंध त्यांनी रोज पाहिला होता आणि तोच संबंध माणसामाणसांत दिसला तेव्हा त्यांना दुसरा शब्द शोधावा लागला नाही. भाषेने रसाची बाजू घेतली असे मी वर म्हटले; पण चोथ्याची फिर्यादही तिनेच नोंदवून ठेवली आहे.

दुसरा प्रश्न येथून सुरू होतो: चोथा कोणाच्या वाट्याला? पूर्वीच्या व्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर अधिक चांगले होते, असे सांगणारे पुष्कळ लोक भेटतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. गुऱ्हाळात ऊस पिळल्यावर जे चिपाड उरते ते उन्हात वाळवून त्याच गुऱ्हाळाच्या चुलाणात घालतात. त्याच्याच जाळावर काहिलीतला रस आटतो आणि गूळ होतो. चिपाड नसते तर रसाचा गूळ झाला नसता. तेथे चोथा हा रसाचा वैरी नाही, सोबती आहे. साखर कारखान्यांतूनही उसाचा भुसा बॉयलरखाली जळतो आणि त्यापासून वीज होते. आमरसाचे तसेच. रायवळ आंबे हाताने माचून, पिळून रस काढला की साली आणि बाठे उरतात. ते पाण्यात कोळून, त्याला तिखटमीठ लावून, फोडणी देऊन फजिता करण्याची रीत कितीतरी घरांत होती. फेकायचे ते फेकण्याआधी एकदा विचारायचे, तुझ्यात अजून काही आहे काय? या विचारण्यात काटकसर तर आहेच, पण एक प्रकारची अदबही आहे.

तथापि या चित्रापुढे हात जोडून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमरसाच्या त्या पंगतीत आधी कोण बसत होते? पुरुष आणि मुले. आंबे पिळले कोणी? बायकांनी. आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी उरलेला रस, चोखायचे बाठे आणि फजिता हे कोणाच्या पानात पडत होते? ज्या सर्वांत शेवटी बसत त्यांच्या. जुन्या स्वयंपाकघराला चोथ्याचा उपयोग उत्तम कळत होता यात शंका नाही. पण तो कोणाला वाढायचा हेही त्याला तितकेच उत्तम कळत होते. फजित्याची चव सांगताना आपण हे विसरतो, कारण चव सांगणारा बहुधा पहिल्या पंगतीतला असतो.

म्हणून यंत्र नको, हातानेच करावे, असे जे सांगतात त्यांना विचारले पाहिजे की हात कोणाचे? पाट्या-वरवंट्यावरच्या चटणीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांत वरवंटा ओढणारे थोडेच असतात. यंत्रांचे कडवे टीकाकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या गांधीजींनीही शिवणयंत्राचा अपवाद केला होता. 1924 साली एका संभाषणात त्यांनी सांगितले की आपल्या पत्नीला शिवणकामात शिणताना पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र बनवले. सिंगरच्या प्रत्यक्ष चरित्राशी हे चित्र जुळणारे नाही. पण कसोटी म्हणून ते आजही उभे आहे. यंत्र कोणाचा शीण पाहून आले? या कसोटीला उतरणारे एक उदाहरण आपल्या जवळच घडले आहे. सत्यप्रकाश माथुर हे अभियंता. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचे जर्मन बनावटीचे यंत्र भारतीय वाटण-दळणाच्या ओझ्याखाली जळाले, तेव्हा त्यांनी अधिक दमदार मोटर बसवून नवे यंत्र तयार केले. 1963 साली निघालेल्या त्यांच्या कंपनीचा ‘सुमीत’ मिक्सर पुढे देशभर घरोघर गेला आणि कितीतरी खांद्यांवरचा भार त्याने उतरवला. अशा यंत्राला नावे ठेवणे हा शुद्ध कृतघ्नपणा होईल.

परंतु रसाचे यंत्र या जातीचे आहे काय? मिक्सर आला तेव्हा वाटण घरात आधीपासून होतेच. ते रोज कोणी तरी करत होते. यंत्राने ते हलके केले. रोज सकाळी पेलाभर गाजर-बिटाचा रस घेणे ही रीत बहुतेक घरांत आधी नव्हती. यंत्र आले आणि त्याने स्वतःबरोबर कामही आणले. गाजरे धुवावी, तासावी, चिरावी. यंत्र जोडावे, चालवावे, सोडवावे. आणि मग ती जाळी. त्या जाळीची भोके इतकी बारीक असतात की चोथा वाळण्याच्या आत ती ब्रशने घासली नाही तर दुसऱ्या दिवशी रस उतरत नाही. पाच मिनिटांच्या पिण्यामागे अर्ध्या तासाचे धुणे येते. घरगुती यंत्रे बायकांचे काम कमी करण्याऐवजी त्याचे मानदंडच वाढवत कशी गेली, याचा अमेरिकेपुरता इतिहास रूथ श्वार्ट्झ कोवान या विदुषीने 1983 साली एका ग्रंथात सांगितला आहे, आणि त्या ग्रंथाचे नावच ‘आईला आणखी काम’ अशा अर्थाचे आहे. आपल्या देशात 2024 साली झालेल्या वेळेच्या विनियोगाच्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की घरचे बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष देतात 88 मिनिटे. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवून त्या जाळीकडे पाहावे. ज्या घरांत ती जाळी गृहिणी घासत नाही, तेथे ती भांडी घासणाऱ्या बाईंच्या पुढ्यात जाते. नव्या यंत्रासाठी त्यांच्या पगारात दहा रुपयांची तरी वाढ झाली असेल काय? बहुधा ‘एवढे एकच भांडे जास्त आहे’ असे त्यांना सांगितलेले असते.

चोथा म्हणजे केवळ गाजराचा भुसा नाही, हे आता ध्यानात येईल. रस ज्याला मिळतो त्याच्या नजरेआड जे जे उरते ते सगळे चोथ्यातच मोडते. भरलेली बादली, चिकट जाळी, कोणाची तरी अर्ध्या तासाची सकाळ. यंत्र निवडणारा एक, रस पिणारा कदाचित तोच, आणि यंत्र धुणारा तिसराच. असे जेथे असते तेथे निवड करणाऱ्याला निवडीची पुरी किंमत कधी कळतच नाही. तो चुकीचे यंत्र निवडतो असे नव्हे. योग्य-अयोग्य ठरवण्यासाठी जे माहीत असावे लागते तेच त्याला माहीत नसते.

ही अडचण अमेरिकेतल्या काही उद्योजकांनी बरोबर ओळखली होती. 2016 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कंपनीने ‘ज्युसेरो’ नावाचे यंत्र सातशे डॉलरना एक डॉलर कमी अशा किमतीला बाजारात आणले. त्यात फळे घालायची नव्हती. कंपनीकडून येणारी, चिरलेल्या फळभाज्यांची पिशवी यंत्रात अडकवायची, यंत्र ती दाबणार आणि पेला भरणार. धुणे नाही, चोथा दिसणे नाही. सुमारे बारा कोटी डॉलरचे भांडवल या कल्पनेच्या मागे उभे राहिले. 2017च्या एप्रिलमध्ये ‘ब्लूमबर्ग’च्या बातमीदारांनी ती पिशवी नुसत्या हातांनी पिळून पाहिली आणि जवळजवळ तेवढाच रस निघाला! जगभर हसे झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दुकान बंद केले. हाताने होणाऱ्या कामासाठी एवढे अवजड यंत्र, म्हणून लोक हसले. मला वाटते, हसण्यासारखे त्याहून खोल होते. त्या यंत्राने विकायला काढलेली वस्तू रस नव्हतीच. चोथ्यापासूनची सुटका ही ती वस्तू होती. पण चोथा नाहीसा होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. धुणे, चिरणे, भरणे हे सगळे दूरच्या एका कारखान्यात कोणी तरी करत होते, आणि शिवाय प्रत्येक पेल्यामागे एक पिशवी उरत होती. सातशे डॉलर देऊन ग्राहकाने आपला दुसरा हात अधिक लांब केला, एवढेच झाले.

मग काय करावे? रस पिऊच नये काय? असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका टोकावरून दुसऱ्यावर उडी मारणे होय. रसाला त्याची स्वतःची न्याय्य जागा आहे, आणि ती आपल्या समाजाने फार पूर्वीच ओळखली आहे. रुग्णाला भेटायला जाणारा माणूस मोसंबी घेऊन जातो. उपोषण सुटते ते रसानेच. 1932 साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपवास सोडला तो कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन, आणि त्या वेळी रवींद्रनाथ तेथे हजर होते. ज्याचे दात गेले, ज्याला गिळवत नाही, ज्याला अन्नाकडे हळूहळू परतायचे आहे, त्याच्यासाठी रस ही चैन नसून दया आहे. त्याच्यासाठी कोणी तरी चावण्याचे श्रम आधीच केलेले असतात. घरात असा माणूस असेल तर चांगल्यात चांगले यंत्र आणावे आणि त्याच्या किमतीविषयी कुरकुर करू नये. धडधाकट माणसाने मात्र स्वतःला हा प्रश्न विचारावा, की मला दात असताना माझ्यासाठी कोणी का चावावे?

कांटने 1785 साली मांडलेले एक तत्त्व प्रसिद्ध आहे: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. ‘केवळ’ हा शब्द तेथे फार महत्त्वाचा आहे. आपण सगळेच एकमेकांची साधने असतो, त्याला इलाज नाही. जाळी कोणाला तरी घासावीच लागणार. परंतु जो ती घासतो त्याला निवडीच्या वेळी आवाज होता की नाही, यावर तो केवळ साधन होता की नाही हे ठरते. म्हणून माझा सल्ला अगदी व्यवहारी आहे. यंत्र पाहायला जाताना, घरात जी व्यक्ती ते धुणार तिला बरोबर न्यावे, आणि विक्रेत्याने चालवून दाखवण्याआधी तिला ते सोडवून पुन्हा जोडून पाहू द्यावे. तिने नको म्हटले तर तेथेच विषय संपवावा. पिणाराच धुणार असेल तर फारच उत्तम. मग वाटेल ते यंत्र घ्यावे, कारण मग ते आपोआप बेताचे निवडले जाईल. चोथा कोठे जाणार हे आधी ठरवावे: थालीपिठात, कुंडीत, गाईपुढे की नुसताच ओल्या कचऱ्याच्या बादलीत? आणि एवढे सगळे ठरवल्यावर जर असे वाटले की संत्रे सोलून खाणेच सोपे आहे, तर त्या वाटण्याला पराभव समजू नये.

याने जगातली पिळवणूक थांबेल असा माझा दावा नाही. मराठवाड्यात 2012-13 सालच्या दुष्काळात जालन्याकडच्या शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी विकत घेऊन मोसंबीची झाडे जगवली, आणि ज्यांना ते जमले नाही त्यांनी हाताने वाढवलेल्या बागा तोडून टाकल्या. त्या झाडाची आणि आपल्या पेल्याची तोंडओळखसुद्धा नसते, आणि आपण कोणते यंत्र घेतले याने त्या शेतकऱ्याचे काहीच बिघडत किंवा सुधारत नाही. पण ज्याला आपल्या ओट्यावरची जाळी कोण घासते हे पाहायची सवय नाही, त्याला इतक्या दूरचे झाड दिसेल कोठून? नजर जवळच्या वस्तूंवरच तयार होते. रोजच्या एका पेल्यामागे काय उरले आणि ते कोणी उचलले, एवढे पाहण्याची सवय ज्या घराला लागेल, त्या घरात रस थोडा कमी निघाला तरी चालेल.